गर्भस्रावानंतरची रक्तपरीक्षा

(आकाशवाणीवरून केलेले भाषण)



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो आपल्या घरांतून सहसा मोठ्याने बोलला जात नाही. "दिवस गेले होते, पण राहिले नाही," एवढ्या एका वाक्यात तो आटोपला जातो, आणि तेही माजघरात, आवाज खाली आणून. आपल्या जुन्या वैद्यकाने मात्र या घटनेला दोन निराळी नावे दिली आहेत. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो गर्भस्राव, आणि त्याच्या शरीराला स्थिरता आल्यावर, पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला, तर तो गर्भपात. आज आपण 'गर्भपात' हा शब्द बुद्ध्या करविलेल्या क्रियेलाही लावतो आणि आपोआप घडलेल्या हानीलाही लावतो. त्यामुळे जिचे काही हरवले आहे तिच्याच माथी कर्तेपणाचा आरोप नकळत येऊन बसतो. म्हणून या भाषणापुरता मी गर्भस्राव हा जुना शब्द पत्करतो.

हा विषय एका साठी उलटलेल्या मास्तराने बोलावा काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी नोकरी मावळातील शाळांतून मुलांना गणित शिकविण्यात गेली. परंतु अलीकडे ही गोष्ट चालत चालत माझ्या प्रांतात आली आहे. पूर्वी गर्भ राहिला नाही की बाई चार दिवस माहेरी जाई, कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलला जाई, आणि पुढे काय होते ते पाहावे असे ठरे. नवस आजही बोलला जातो. पण त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट होते. कुणीतरी सुचविते, "हार्मोनची सगळी तपासणी एकदा करून घ्या." लोणावळ्याच्या बाजारात, कामशेतला, वडगावला, तळेगाव स्टेशनाच्या परिसरात रक्त घेणारी खासगी केंद्रे आता पावलोपावली आहेत. डॉक्टरची चिठ्ठी लागतेच असे नाही. सकाळी एक तरुण मोटारसायकलवरून येतो, नळीत रक्त घेतो, थंड पेटीत ठेवून पुण्याकडे पाठवितो, आणि संध्याकाळी त्याचा निकाल भ्रमणध्वनीवर येऊन पडतो. त्या निकालात आकडे असतात. आकड्यांशी माझा जन्माचा व्यवहार आहे, एवढाच माझा अधिकार.

प्रथम ही घटना किती वारंवार घडते ते सांगतो, कारण ती सांगितली जात नाही म्हणूनच ती दुर्मिळ वाटते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये आलेल्या लेखमालेप्रमाणे, गर्भ राहिल्याचे ध्यानात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी सुमारे पंधरा अशा रीतीने संपतात. जगाचा हिशेब केला तर वर्षाला सुमारे दोन कोटी तीस लाख. वयाप्रमाणे हे प्रमाण बदलते. नॉर्वे देशातील नोंदींवरून २०१९ मध्ये जे अनुमान प्रसिद्ध झाले, त्यात पंचवीस ते एकोणतीस वर्षांच्या स्त्रियांत ते शंभरी दहा होते, आणि पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून अधिक. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यांतील निदान निम्म्यांच्या बाबतीत कारण त्या गर्भाच्याच गुणसूत्रांत असते. मातेचे बीज आणि पित्याचे बीज एकत्र येताना गुणसूत्रांची संख्या चुकते, एखादे अधिक येते किंवा उणे राहते, आणि तशा गर्भाची वाढ पुढे होऊ शकत नाही. ही चूक बहुधा योगायोगाची असते. तिच्यात बाईच्या खाण्याचा, चालण्याचा, वाकण्याचा काही संबंध नसतो.

आमच्याकडे मात्र कारण आधी ठरलेले असते. पवन मावळात, नाणे मावळात, अंदर मावळात आषाढात भाताची लावणी चालते. बायका दिवसभर चिखलात कमरेतून वाकलेल्या असतात. त्या दिवसांत कुणाचे दिवस राहिले नाहीत तर दोष लावणीवर येतो, म्हणजे पर्यायाने तिच्यावर, कारण "सांगितले होते, जाऊ नको." लावणी नसेल तर पपई असते, घाटातला एस.टी.चा प्रवास असतो, ग्रहण असते. शहरातील सुशिक्षित श्रोत्यांनी यावर हसू नये. तुमच्या घरी न्यायालय तेच असते, फक्त साक्षीदार बदललेले असतात. तिथे रात्रीची जागरणे येतात, कचेरीतला ताण येतो, उशिरा केलेले लग्न येते, आणि आता सर्वांत प्रतिष्ठित असा एक साक्षीदार आला आहे, तो म्हणजे हार्मोन. पूर्वी दृष्ट लागत असे. आता हार्मोन बिघडतात.

हार्मोन, म्हणजे ज्याला आपल्या पुस्तकांतून संप्रेरक म्हटले आहे, ते खोटे नाही. शरीरातील ग्रंथी अत्यल्प प्रमाणात काही द्रव्ये रक्तात सोडतात आणि त्यांच्या निरोपावर दूरची इंद्रिये काम करितात. गर्भ धारण करण्यासाठी आणि टिकविण्यासाठी अशी अनेक द्रव्ये आवश्यक आहेत, यात शंका नाही. शंका आहे ती एवढीच, की घटना घडून गेल्यावर, सकाळी रिकाम्या पोटी काढलेल्या एका नळीतून, ती का घडली हे वाचता येते काय.

माझी एक भाची तळेगावच्या बाजूला एका कारखान्याच्या कचेरीत नोकरी करिते. तिचा दहाव्या आठवड्याचा गर्भ गेला. महिनाभराने ती माझ्याकडे आली ती भ्रमणध्वनीवरचा निकाल घेऊन. बारा तपासण्या होत्या, पैसे तिने स्वतःच्या पगारातून भरले होते, घरी सांगितले नव्हते. बारांपैकी दोन आकडे ठळक अक्षरांत छापलेले होते. ती म्हणाली, "मामा, प्रोजेस्टेरॉन कमी आहे माझं. एकसुद्धा नाही, आणि पाहिजे अकराच्या वर. म्हणजे माझ्यातच कमी होतं ना?"

हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. तिला उपचार विचारावयाचा नव्हता. तिला निकाल हवा होता, आणि तो निर्दोष सुटल्याचा नसला तरी चालेल, अशी तिच्या मनाची स्थिती झाली होती. दोष आपला आहे की नाही या टांगणीपेक्षा दोष आपलाच आहे हे ठरून जाणे काही माणसांना सुसह्य वाटते. शाळेत मी हे पुष्कळ पाहिले आहे.

मी तो कागद वाचला. प्रोजेस्टेरॉनपुढे एक नव्हे, चार-पाच मर्यादा छापल्या होत्या: पाळीच्या पूर्वार्धात इतके, उत्तरार्धात इतके, गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत इतके. अकरा हा आकडा गर्भवतीचा होता. भाचीने रक्त दिले होते ते नंतर आलेल्या पहिल्या पाळीच्या पाचव्या दिवशी, आणि त्या दिवशी कोणत्याही निरोगी स्त्रीचे प्रोजेस्टेरॉन एकाहून कमीच असते. म्हणजे आकडा अगदी योग्य होता. तो ताडून पाहिला होता भलत्याच ओळीशी. पाचवीच्या मुलाला सातवीची प्रश्नपत्रिका देऊन त्याला नापास ठरवावे, त्यातला हा प्रकार. निकाल देणाऱ्या संस्थेने पाळीचा दिवस विचारलाच नव्हता, म्हणून संगणकाने जी ओळ समोर दिसली तिच्याशी तुलना करून अक्षरे ठळक केली.

हे द्रव्य केव्हा मोजावे याला नियम आहे. बीज बाहेर पडल्यानंतर अंडाशयात जो पिवळा गोळा उरतो, ज्याला पीतपिंड म्हणतात, त्यातून प्रोजेस्टेरॉन स्रवते. बीज सुटले की नाही एवढेच जाणावयाचे असेल तर पुढील पाळीच्या सात दिवस आधी रक्त घेतात. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर तो एकविसावा दिवस, पस्तीस दिवसांची असेल तर अठ्ठाविसावा. त्यातही हा स्राव संथ धारेने येत नाही, उसळ्यांनी येतो. एकाच स्त्रीत एकाच दिवशी काही तासांच्या अंतराने तो कित्येक पटींनी बदललेला आढळला आहे. उलट एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडिओल ही द्रव्ये पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पाहतात. म्हणजे 'सगळे हार्मोन एकाच दिवशी' हे जे दुकानातील पुडके मिळते, त्यातील काही मोजमाप चुकीच्या दिवशी होणार हे मांडणीतच ठरलेले आहे. शिवाय गर्भस्राव झाल्यावर गर्भावस्थेचे एचसीजी हे संप्रेरक रक्तातून नाहीसे व्हावयास कित्येक आठवडे लागू शकतात, आणि पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांनी येते. तोपर्यंत शरीर आपल्या नेहमीच्या चालीवर आलेले नसते. त्या काळात घेतलेले हे आकडे पुरात घेतलेल्या इंद्रायणीच्या पातळीसारखे आहेत. त्यावरून उन्हाळ्यातील पाणी कळत नाही.

दुसरा ठळक आकडा प्रोलॅक्टिनचा होता, मर्यादेहून थोडा वर. हे द्रव्य झोपेत वाढते, धावपळीने वाढते, सुई टोचण्याच्या भयानेही वाढते. भाचीने सकाळी उठल्या उठल्या, लोकल चुकू नये म्हणून घाईत रक्त दिले होते. तळेगावच्या एका डॉक्टरीण बाईंनी ते शांतपणे, उठल्यावर काही तासांनी पुन्हा तपासावयास सांगितले, आणि ते मर्यादेत आले.

आता थोडे गणित. निकालाच्या कागदावर जी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते, ती बहुधा अशी ठरविलेली असते की निरोगी माणसांपैकी शंभरांत पंचाण्णव तिच्या आत पडावेत. म्हणजे उरलेले पाच निरोगी असूनही बाहेर पडतात, व्याख्येनेच पडतात. एका तपासणीत बाहेर न पडण्याची शक्यता शंभरी पंचाण्णव. दोन तपासण्यांत दोन्ही वेळा आत राहण्याची शक्यता पंचाण्णवचे पंचाण्णव टक्के, म्हणजे नव्वदहून किंचित अधिक. असे बारा वेळा गुणीत गेले की हाती उरतात चोपन्न. सरळ अर्थ असा की पूर्ण निरोगी अशा शंभर स्त्रियांनी बारा तपासण्यांचे पुडके घेतले, तर त्यांतील सुमारे शेहेचाळीस जणींच्या कागदावर निदान एक तरी आकडा ठळक अक्षरांत येईल. या तपासण्या एकमेकींशी अगदीच असंबद्ध नसतात, म्हणून हिशेब थोडा सैल धरावा. पण दिशा तीच राहते. पुडके जितके मोठे तितके काहीतरी सापडण्याचे प्रमाण मोठे, आणि जे सापडले त्याचा गेलेल्या गर्भाशी संबंध असेलच असे नाही. ज्या बाईला आधीच वाटते आहे की माझ्यात काहीतरी खोट आहे, तिच्या हाती हा कागद देणे म्हणजे काय, याचा विचार पुडके विकणाऱ्याने करावा अशी अपेक्षा व्यर्थ आहे. तो घरच्यांनी करावा.

भाचीच्या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. समजा, गर्भ असतानाच रक्त घेतले असते आणि प्रोजेस्टेरॉन खरोखरच कमी आले असते. तरी ते कमी झाले म्हणून गर्भ गेला, असे म्हणता येते काय? सातव्या आठवड्याच्या सुमारापर्यंत गर्भ पीतपिंडाच्या प्रोजेस्टेरॉनवर तगतो, आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत वार ते काम स्वतःकडे घेते. पण पीतपिंडाला काम करीत राहा असा निरोप देणारे एचसीजी हे द्रव्य येते ते वाढत्या गर्भाकडूनच. गर्भ खुंटला की निरोप थांबतो, आणि निरोप थांबला की प्रोजेस्टेरॉन उतरते. मुले शाळा सोडून गेली म्हणजे हजेरीपट रिकामा दिसतो. हजेरीपट रिकामा होता म्हणून मुले गेली, असे कोणी म्हणत नाही.

हे उलटे वाचन वैद्यकाच्या इतिहासात फार महाग पडलेले आहे, आणि ती हकीकत प्रत्येक सुशिक्षित घरात ठाऊक असावी. अमेरिकेत बोस्टन येथील स्मिथ पतिपत्नी या संशोधकांना असे आढळले की काही गर्भ बिघडण्यापूर्वी स्त्रीच्या संप्रेरकांत घट होते. तेव्हा संप्रेरक बाहेरून वाढविले तर गर्भ वाचेल, असा तर्क झाला, आणि डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम संप्रेरक गर्भवतींना देण्याचा प्रघात १९४० नंतरच्या दशकात पसरला. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील डॉक्टरांनी सुमारे सोळाशे गर्भवतींवर नीट प्रयोग केला. निम्म्यांना औषध दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. औषधाचा काही उपयोग दिसला नाही. तरी ते देणे पुढे अठरा वर्षे चालूच राहिले, कारण देणाऱ्याला काहीतरी केल्याचे समाधान होते आणि घेणारीला काहीतरी मिळाल्याचे. १९७१ मध्ये बोस्टनमध्येच असे उघडकीस आले, की ज्या मातांनी हे औषध घेतले होते त्यांच्या मुलींना, वयात आल्यावर, योनिमार्गाचा एक अतिविरळ कर्करोग होत आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषधखात्याने गर्भवतींना ते देऊ नये असा इशारा दिला.

आजचे प्रोजेस्टेरॉन हे ते द्रव्य नव्हे. ते शरीरातीलच आहे आणि त्याचे प्रयोगही काळजीपूर्वक झाले आहेत. त्यांतील दोन सांगतो. २०१५ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधील ८३६ स्त्रियांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. या स्त्रियांचे तीन किंवा अधिक गर्भ विनाकारण, म्हणजे कारण न सापडता, गेलेले होते. प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत शंभरी सहासष्ट जणींना मूल झाले, निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत त्रेसष्ट जणींना. हा फरक योगायोगापलीकडचा ठरला नाही. माझी विनंती आहे की हा त्रेसष्टचा आकडा ध्यानात ठेवावा. तीन तीन वेळा हानी सोसलेल्या, आणि कोणतेही खरे औषध न मिळालेल्या स्त्रियांचा तो आकडा आहे. दुसरा प्रयोग २०१९ मधला, ब्रिटनमधील ४,१५३ गर्भवतींचा, ज्यांना आरंभीच्या आठवड्यांत रक्त दिसू लागले होते. एकूणात फरक अल्पच पडला, पंचाहत्तर विरुद्ध बाहत्तर. पण ज्यांचे पूर्वी तीन किंवा अधिक गर्भ गेले होते, त्यांच्यात बाहत्तर विरुद्ध सत्तावन्न असा मोठा फरक दिसला. त्यावरून २०२१ मध्ये ब्रिटिश आरोग्यव्यवस्थेच्या मार्गदर्शिकेने, पूर्वी गर्भस्राव झालेला असून या खेपेस रक्त दिसत असेल, तर प्रोजेस्टेरॉन द्यावे असे सांगितले. यातील मेख अशी की या स्त्रिया रक्तातील आकडा पाहून निवडलेल्या नव्हत्या. त्यांना दोन प्रश्न विचारले होते: रक्त दिसते काय, आणि पूर्वी किती वेळा असे झाले? दोन्ही प्रश्नांना पैसे पडत नाहीत.

लोणावळ्याच्या मनुष्याने मोजमापाविरुद्ध बोलणे शोभणार नाही, हे मी जाणतो. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांचे शरीरावरील परिणाम यंत्रांनी मोजण्याचा उपक्रम चालविला. नौली करिताना पोटातील आतड्यात दाब उणा होतो काय, असा एक नेमका प्रश्न त्यांनी घेतला आणि दाबमापक लावून तो सोडविला. प्रश्न आधी, यंत्र मागाहून. पुडक्याच्या तपासणीत हा क्रम फिरलेला असतो.

मग कोणती तपासणी उपयोगाची? हे ठरविणे डॉक्टरचे काम आहे. मी जे समजून घेतले ते सांगतो. गर्भस्राव झाल्याबरोबर ज्या दोन साध्या गोष्टी पाहिल्या पाहिजेत त्या पुडक्यात पुष्कळदा नसतातच. एक, हिमोग्लोबिन, महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते, आणि त्यावर आणखी रक्त गेलेले असते. दुसरी, रक्तगट, तो निगेटिव्ह असेल तर अँटी-डी चे इंजेक्शन हवे की नको याचा निर्णय बहात्तर तासांच्या आत व्हावा लागतो. महाराष्ट्रातील सरकारी दवाखान्यांत 'महालॅब' योजनेखाली अशा कितीतरी रक्ततपासण्या विनामूल्य होतात.

थायरॉइड, म्हणजे गळ्यातील ग्रंथी, हिची तपासणी मी पुडक्यातून वेगळी काढतो, कारण ती खरोखर अर्थपूर्ण आहे. मुंबई आणि गोवा धरून आठ ठिकाणच्या प्रौढांची जी पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत शंभरी सुमारे अकरा जणांत या ग्रंथीचे काम मंद आढळले. ती मंद असेल तर औषध स्वस्त आहे आणि पुढील गर्भाला त्याचा लाभ आहे. मात्र ग्रंथीचे काम ठीक असून केवळ तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये रक्तात सापडली, तर औषधाने मूल राहण्याचे प्रमाण वाढत नाही, हे २०१९ मधील ब्रिटनच्या प्रयोगात दिसले: औषध घेणाऱ्यांत ३७.४ टक्के, न घेणाऱ्यांत ३७.९. तेवढ्या एका ओळीवरून वर्षानुवर्षे गोळी खाणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

दोन किंवा अधिक वेळा गर्भ गेला असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा शोध केलाच पाहिजे, आणि न करणे हाच अन्याय. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या सुनेला तीन वेळा हा प्रसंग आला. पहिल्या दोन वेळा तिने ओळखीपाळखीने संप्रेरकांची पुडकी घेतली. तिसऱ्या खेपेनंतर पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात तिचे रक्त फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिद्रव्यांसाठी तपासले गेले. ही संप्रेरके नव्हेत. यांच्यामुळे वारेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त गोठण्याचा संभव असतो. निदान पक्के व्हावयास बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासावे लागते, तसे तपासले, आणि दोन्ही वेळा ती सापडली. याला उपाय आहे. लंडनमध्ये १९९७ साली अशा नव्वद स्त्रियांवर प्रयोग झाला. नुसते अॅस्पिरिन घेणाऱ्यांत शंभरी बेचाळीस जणींना मूल झाले, अॅस्पिरिनबरोबर हेपॅरिनची इंजेक्शने घेणाऱ्यांत एकाहत्तर जणींना. सहकाऱ्याची नात आता बालवाडीत जाते. पण पहिल्या दोन पुडक्यांतील चोवीस ओळींत ही एक ओळ नव्हती, याची चीड मला अजून आहे. भरपूर तपासले म्हणजे हवे ते तपासले असे नव्हे. यूरोपातील प्रजननवैद्यकाच्या संस्थेने वारंवार गर्भ जाणाऱ्या स्त्रियांसाठी मार्गदर्शिका केली आहे. तीत थायरॉइड आणि ही प्रतिद्रव्ये आग्रहाने तपासावयास सांगितली आहेत, आणि प्रोजेस्टेरॉनची उणीव, पुरुषी संप्रेरके, लक्षणे नसताना प्रोलॅक्टिन, हे तपासू नये असे म्हटले आहे. तीत नवऱ्याच्या प्रकृतीचा, त्याच्या धूम्रपानाचा, वजनाचाही विचार आहे. आमच्या मावळात अजून एकाही नवऱ्याला कोणी त्या खोलीत बोलाविलेले मी ऐकलेले नाही.

खासगी प्रयोगशाळेत जावयाचेच असेल तर कागदाच्या तळाशी सही कुणाची आहे ते पाहावे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की प्रयोगशाळेच्या निकालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. राष्ट्रीय मान्यता मंडळाची, म्हणजे एनएबीएल-ची, खूण असेल तर उत्तम. रक्त देताना शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, गर्भ गेल्याची तारीख आणि चालू औषधे लिहून द्यावीत, केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यासुद्धा. त्या गोळ्यांनी थायरॉइडचे आकडे फसवे येऊ शकतात.

आणि निकाल आला की तो वाचावयाचा कुणी? आमच्या घरांतून तो आधी नवरा वाचतो, मग सासू विचारते, मग नणंदेच्या भ्रमणध्वनीवर जातो, आणि शेवटी सगळे मिळून तिच्याकडे पाहतात. माझ्या मते तो कागद तिचा आहे. तिने दाखविला तर पाहावा. भाचीने पुढे आपण होऊन सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्या माउलीने कागद न पाहताच विचारले, "कचेरीत इतक्या लवकर कशाला गेलीस? अंगावर निभावलंस ना?" आणि त्यांनी स्वतःचा, चाळीस वर्षांपूर्वीचा, कुणालाही न सांगितलेला प्रसंग सांगितला. त्यांच्या वेळी कागद नव्हता, पण त्यांनाही तेव्हा हेच वाटले होते की माझ्यातच कमी होते.

कचेरीवरून एक गोष्ट सांगावयाची राहिली. १९६१ च्या मातृत्व-लाभ कायद्याने गर्भस्राव झालेल्या नोकरदार स्त्रीला त्या दिवसापासून पुढे सहा आठवडे पगारी रजा दिली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद तशीच घेतलेली आहे. भाचीला हे कुणी सांगितले नाही; ती सहाव्या दिवशी कामावर गेली. रजेसाठी पुरावा लागतो तो हार्मोनच्या आकड्यांचा नव्हे, गर्भस्राव झाल्याच्या डॉक्टरी दाखल्याचा. दवाखान्यातून बाहेर पडतानाच तो तारखेनिशी मागून घ्यावा. नवऱ्याने मागितला तरी चालतो.